पेस्ट बदलण्याआधी कूलर हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोअर आय५-१२४०० प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, आणि कूलर मात्र जुन्या मशीनमधला, भारीतला टॉवर कूलर, म्हणजे उभ्या धातूच्या पात्यांचा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधे लावतात ती थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी टाकून तो बसवला. रेंडरिंग सुरू केलं की चार-पाच सेकंदांत तापमान ९५ अंशांच्या पुढे. कूलर काढला, पेस्ट कार्डाने पसरवून लावली, फरक नाही. तिसऱ्यांदा महागातली पेस्ट आणली, ती फुलीसारखी, म्हणजे क्रॉसच्या आकारात लावली, तरी तेच. जाता जाता एक वाक्य लिहिलंय: ‘कूलर हाताने धरला तर किंचित हलतो, पण स्क्रू पूर्ण आवळलेले आहेत.’ आणि शेवटी विचारलंय की ठिपका, क्रॉस आणि पसरवणं यांतलं बरोबर काय, आणि पेस्ट घ्यावी तर कोणती.

तिन्ही पद्धती बरोबर आहेत. पेस्टही तिन्ही वेळा ठीकच असणार. उत्तर त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. बसलेला कूलर हलत नाही. टॉवर कूलर हलकेच ढकलला तर अख्खा मदरबोर्ड त्याच्याबरोबर जरासा लवेल, मधे पेस्टचा तेलकट थर असल्याने अगदी केसभर सरकल्यासारखंही वाटेल. पण स्क्रू पूर्ण आवळलेले असताना तो डुगडुगत असेल, तर त्याचा तळ प्रोसेसरवर दाबलाच गेलेला नाही. अशा वेळी वर कुठलीही पेस्ट ओता, उपयोग शून्य.

हे नीट पटायला पेस्ट नेमकं काय करते ते समजून घ्यावं लागेल. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की पेस्ट हा उष्णता वाहून नेणारा काहीतरी जादूचा पदार्थ आहे, त्यामुळे जेवढी जास्त तेवढं बरं. खरं तर धातूच्या तुलनेत पेस्ट ही फार सुमार वाहक आहे. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. चांगल्या पेस्टची, डब्यावरचे दावे जरा बाजूला ठेवले तर, ५ ते १० च्या आसपास. मग ती लावायची कशाला? कारण तिच्या जागी जी असते ती हवा, आणि हवेची वाहकता ०.०२६ आहे. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसोत, दोन्ही पृष्ठभागांवर बारीक ओरखडे, उंचवटे, खड्डे असतात. एकमेकांवर ठेवले की ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. उरलेल्या फटींत हवा. पेस्टचं काम ती हवा हुसकावून तिची जागा घेणं, एवढंच. जिथे धातूला धातू टेकतोय तिथे पेस्टची गरजच नसते, उलट तिथे ती अडथळा असते.

आकडे मांडून बघू. झाकणाचा ३० मिलिमीटर बाय ३० मिलिमीटर भाग, त्यातून १०० वॅट उष्णता जातेय, आणि मधला थर ५० मायक्रॉनचा, म्हणजे बारीक केसाच्या जाडीएवढा. पेस्टची वाहकता ५ असेल तर त्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात फरक पडतो साधारण १ अंशाचा. वाहकता १० असेल तर अर्ध्या अंशाचा. म्हणजे दुप्पट ‘चांगली’ पेस्ट आणून कागदावर मिळाला अर्धा अंश. आता तोच थर हवेचा धरा: फरक येतो २०० अंशांच्या वर. आणि पेस्ट ५ चीच ठेवून कूलर नीट न दाबल्यामुळे थर अर्धा मिलिमीटर जाड राहिला तर? ११ अंश. प्रत्यक्षात झाकणाखालची चिप बरीच लहान असते आणि ती मधल्या थोड्याशा जागेतच उष्णता ओतते, त्यामुळे खरे आकडे या सगळ्यांपेक्षा मोठे निघतात. पण प्रमाण बघा. ब्रँड बदलून मिळतो तो फरक किरकोळ, जाडी बदलून पडतो तो दसपट, आणि हवा राहिली तर हिशेबच संपला.

म्हणून मी पहिल्यांदा तापमान किती हे विचारत नाही, ते किती वेळात चढतं हे विचारतो. दुरुस्तीच्या टेबलावर या एका प्रश्नाने माझा जितका वेळ वाचवलाय तितका कुठल्या उपकरणाने वाचवला नसेल.

प्रोसेसरच्या झाकणात वीस-पंचवीस ग्रॅम तांबं आहे असं धरा. त्यात दर सेकंदाला १०० ज्यूल उष्णता ओतली आणि ती पुढे कुठे गेलीच नाही, तर ते सेकंदाला दहाएक अंशांनी तापतं. चाळीसवरून नव्वदला जायला पाच सेकंद पुरतात. याउलट सातशे-आठशे ग्रॅमचा टॉवर कूलर त्याला नीट चिकटलेला असेल, तर एवढ्याच उष्णतेने त्या सगळ्या धातूला एक अंश चढायला पाचेक सेकंद लागतात. लोड, म्हणजे जड काम, सुरू होताक्षणी चिपचं तापमान एकदम पंधरा-वीस अंशांनी उडी मारेल, ते साहजिक आहे; त्यानंतर मात्र ते सावकाश, मिनिटांच्या हिशेबात चढत जाऊन कुठेतरी स्थिरावतं. तेव्हा चार-पाच सेकंदांत ९५ याचा अर्थ उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. आणि दहा मिनिटांत हळूहळू ९५ याचा अर्थ ती कूलरपर्यंत पोचतेय पण तिथून पुढे बाहेर पडत नाहीये: पंखा मंद, पंख्यात धूळ, कॅबिनेटमध्ये हवा कोंडलेली, किंवा कूलरच त्या प्रोसेसरला कमी पडतोय. दुसऱ्या प्रकारात पेस्ट बदलण्यात अर्थ नाही. पाण्याच्या कूलरचा पंप बंद पडला असेल तर तो मामला या दोन्हींच्या मधे येतो, मिनिटभरात तापमान वर जातं आणि परत खाली येतच नाही.

एक साधी खूण आणखी. लोडवर तापमान ९५ असताना कूलरच्या तळाजवळच्या नळ्यांना हलकेच बोट लावा, पंख्यापासून जपून. नळ्या चांगल्या गरम लागल्या तर उष्णता वर येतेय. नळ्या कोमट आणि प्रोसेसर ९५, असं असेल तर मधला दुवा तुटलेला आहे. तुमच्याकडे कोमटच लागतील, बघा.

आता दुवा का तुटला असेल. जुन्या मशीनमधला कूलर म्हणताय, म्हणजे बहुधा एलजीए १२०० किंवा ११५१ सॉकेटवरचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा). तुमचा १२ व्या पिढीचा प्रोसेसर एलजीए १७०० वर बसतो. २०२१ मध्ये हा सॉकेट आला तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. एक सगळ्यांना माहीत असते: मदरबोर्डवरच्या कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ वर गेलं. दुसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: सॉकेटमध्ये बसलेल्या प्रोसेसरच्या माथ्याची उंची कमी झाली. फरक जेमतेम मिलिमीटरच्या आतला, पण वर पाहिलंत की अर्धा मिलिमीटर काय करतो. सुरुवातीच्या काळात काही मदरबोर्डांवर जुनी आणि नवी, दोन्ही अंतरांची भोकं दिलेली होती, जुने कूलर वापरता यावेत म्हणून. तशा बोर्डावर जुन्या सॉकेटचं माउंटिंग किट, म्हणजे कूलर बांधायच्या खुंट्या-स्क्रूंचा संच, आरामात बसतं, स्क्रूही शेवटपर्यंत आवळले जातात, हाताला वाटतं झालं काम. पण उभ्या खुंट्या जुन्या उंचीच्या असतात. स्क्रू खुंटीवर जाऊन थांबतो आणि कूलरचा तळ प्रोसेसरवर जेमतेम टेकलेला किंवा चक्क अधांतरी राहतो. ‘पूर्ण आवळलेले स्क्रू आणि हलणारा कूलर’ हे दोन्ही एकाच वेळी खरं असण्याचं हे सगळ्यात सरळ कारण. बहुतेक कूलर कंपन्यांनी एलजीए १७०० साठी वेगळं किट काढलं आहे. तुमच्या कूलरचं मिळत असेल तर तेच आणा. खुंटीखालचे वॉशर काढून जुगाड करणारे लोक मी पाहिलेत. त्यात दाब चारी बाजूंना सारखा येत नाही आणि पुढे बोर्डच वाकतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

किट बरोबर निघालं तर मग बाकीच्या शक्यता. यांतली पहिली सांगताना लोक हसतात, पण कूलरच्या तळावरची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच ठेवून बसवलेले कूलर मी बरेच उघडलेत, आणि त्यातला एक स्वतःच बसवलेला होता. तुमचा कूलर आधी वापरात होता म्हणजे हा प्रश्न नाही. बोर्डामागून कूलरचे स्क्रू धरणारी पट्टी, म्हणजे बॅकप्लेट, उलटी किंवा तिरकी बसणं, रॅमचा उंच पत्रा किंवा बोर्डवरचा हीटसिंक कूलरच्या एका बाजूला अडणं, हेही बघून घ्या. प्रोसेसरबरोबर येणाऱ्या चार प्लास्टिक खिळ्यांच्या कूलरची तऱ्हा वेगळी. त्यातला एक खिळा ‘टक्’ न होता नुसताच आत जाऊन बसतो, आणि कूलर एका कोपऱ्यात वर राहतो. तो लावताना समोरासमोरचे, म्हणजे कर्णावरचे दोन खिळे एकत्र दाबायचे, मग उरलेले दोन, आणि शेवटी बोर्ड उलटा करून चारही खिळ्यांची टोकं मागून पूर्ण बाहेर आलीत ना हे डोळ्यांनी बघायचं.

याच सॉकेटबद्दल एक उपकथा आहे. एलजीए १७०० मध्ये प्रोसेसर आयताकृती, लांबट, आणि त्याला दाबून धरणारी चौकट फक्त मध्यावर दोन ठिकाणी दाब देते. त्यामुळे प्रोसेसर किंचित वाकतो, मध्ये खोलगट होतो. यावर ‘कॉन्टॅक्ट फ्रेम’ नावाची वेगळी धातूची चौकट मिळते. तिने काही अंश कमी होतात हे खरं. पण १२४०० सारख्या, जास्तीत जास्त ११७ वॅटवर धावणाऱ्या प्रोसेसरला तिची गरज नाही, आणि ती बसवताना सॉकेटच्या उघड्या पिनांवर स्क्रू पडला तर मदरबोर्ड गेला. तुमच्या रोगावर ते औषध नव्हे.

आता कूलर काढाल तेव्हा एक काम करा, जे तिन्ही वेळा केलं नसणार: पुसायच्या आधी ठसा वाचा. पुसलं की पुरावा गेला.

कूलर उचलल्यावर दोन्ही पृष्ठभाग शेजारी ठेवून उजेडात बघायचे. नीट बसलेल्या कूलरचा ठसा मधोमध जवळजवळ पारदर्शक असतो, पेस्ट इतकी पातळ की खालचा धातू आणि त्यावरची अक्षरं तिच्यातून दिसतात. कडेला मात्र जाडसर किनार साचलेली असते. दोन्ही बाजूंना एकमेकींची आरशातल्यासारखी प्रतिमा हवी. पेस्ट मधोमध जाड, मऊ, कूलरला चिकटून उचलताना वर ओढली गेल्यासारखी टोकं निघालेली, आणि तुम्ही काढलेला ठिपका किंवा क्रॉस अजून ओळखू येतोय, तर दाब पडलाच नाही. तुमच्याकडे बहुतेक हेच दिसेल, म्हणजे तिसऱ्या वेळचा क्रॉस क्रॉसच राहिलेला असेल. एका बाजूला पातळ आणि समोरच्या बाजूला जाड असेल तर कूलर तिरका बसलाय. कडेने सगळीकडे पातळ आणि फक्त मध्ये जाड असेल तर तळ किंवा झाकण खोलगट आहे. एखाद्या कोपऱ्यात चकचकीत कोरडा धातू दिसला, तर पेस्ट तिथवर पोचली नाही. हा एकमेव ठसा खऱ्या अर्थाने ‘पेस्ट कमी पडली’ असं सांगतो. ठशाचा फोटो काढून ठेवा. दुसऱ्यांदा बसवून परत काढला तर तुलना करता येते.

काढण्याचीही रीत आहे. मशीन पाच-दहा मिनिटं चालवून जरा गरम करायचं, मग बंद करून, वीज काढून, स्क्रू सोडवायचे आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत, पेस्टची पकड सुटली की उचलायचा. तुमचा प्रोसेसर चौकटीत अडकलेला आहे, तो वर येणार नाही. पण ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, एएमडीचे एएम४ पर्यंतचे, त्यांना सॉकेटमध्ये वरून धरणारं काही नसतं. सुरुवातीच्या वर्षांत असाच एक कूलर मी थंड मशीनवरून सरळ वर खेचला. कूलर हातात आला, आणि त्याच्या तळाला प्रोसेसर चिकटलेला, पिना माझ्याकडे करून. एका कडेच्या सात-आठ पिना आडव्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून ती उभी करत बसलो, दुपारचे दोन तास गेले. प्रोसेसर वाचला. तेव्हापासून कूलर फिरवल्याशिवाय उचलत नाही, खाली पिना असोत वा नसोत.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, आणि धागे न सुटणारं कापड किंवा कॉफी गाळायचा कागद. नेलपॉलिश रिमूव्हर नको, तो प्लास्टिक खातो आणि तेलकट थर मागे ठेवतो. बाहेरून आत पुसा, म्हणजे पेस्ट सॉकेटकडे ढकलली जाणार नाही. झाकणावरच्या अक्षरांच्या खाचांत थोडा करडा रंग राहिला तर राहू द्या. तो खरवडायला धारदार काही घेऊ नका. आणि कूलर एकदा उचलला की तीच पेस्ट दाबून परत बसवायचा मोह टाळा. उचलताना पेस्टमध्ये जे डोंगर-दऱ्या तयार होतात त्यांत दाबल्यावर हवेचे बुडबुडे अडकतात. दोन्ही बाजू स्वच्छ, नवी पेस्ट. नव्या कूलरच्या तळाला कारखान्यातूनच करड्या पेस्टचा चौकोन लावून आला असेल तर त्यावर वेगळी लावायची नाही. स्वतःची लावायची असेल तर तो आधी पूर्ण पुसायचा.

तुम्ही विचारलेल्या मूळ प्रश्नाकडे. ठिपका, क्रॉस, रेघ, पाच ठिपके, पसरवणं: कूलर नीट दाबला गेला तर यांच्यात एक-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. नेहमीच्या आकाराच्या प्रोसेसरला मी मधोमध चार-पाच मिलिमीटर व्यासाचा ठिपका टाकतो. तुमच्यासारखा लांबट असेल तर चार कोपऱ्यांकडे आणखी चार बारीक टिंबं. यामागे शास्त्र असं की ठिपका मधून बाहेर दाबला जाताना हवेला पुढे ढकलत नेतो. कार्डाने पसरवलेला थर सगळीकडे झाकलेला दिसतो म्हणून मनाला बरं वाटतं, पण त्यावर कार्डाच्या रेघा राहतात आणि त्यांत हवा अडकू शकते. तरीही ज्यांचा पसरवण्यावर विश्वास आहे त्यांनी पसरवावं, माझं काही भांडण नाही. थ्रेडरिपरसारख्या अवाढव्य प्रोसेसरला मात्र एक ठिपका पुरत नाही, तिथे झाकणभर जाळी लागते.

जास्त झाली तर? जास्तीची कडेने बाहेर येते, दिसायला घाण, बाकी काही नाही, पेस्ट वीजवाहक नसेल तोवर. एएमडीच्या एएम५ सॉकेटचे प्रोसेसर याला जरा अपवाद, कारण त्यांच्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि जास्तीची पेस्ट त्या खाचांत उतरून बसते. नुकसान नाही, पुसताना वैताग. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात. तेव्हा शंका आली तर किंचित जास्त. स्क्रू आवळताना एका स्क्रूला दोन वेटोळे, मग त्याच्या कर्णावरच्याला, मग उरलेल्यांना, असं फिरत राहायचं. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की कूलर एका कडेवर उभा राहतो, पेस्ट दुसऱ्या कडेला पळते, आणि ती नंतर परत येत नाही.

पेस्ट कोणती? नावाजलेल्या कंपनीची, वीज न वाहणारी, फार घट्ट नसलेली कुठलीही. आर्क्टिकची एमएक्स, नॉक्टुआची एनटी-एच, थर्मल ग्रिझलीची क्रायोनॉट, यांतली कुठलीही लावलीत तर तुमच्या प्रोसेसरवर फरक दोन-तीन अंशांच्या आतच राहील. बहुतेकींत सिलिकोन तेलासारख्या माध्यमात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनिअम ऑक्साइड असली बारीक पूड असते. ट्यूब बराच काळ पडून राहिली की तेल वेगळं होतं. पहिला पाणचट थेंब कागदावर काढून टाकायचा. डब्यावरच्या वाहकतेच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने मोजते. ‘टूथपेस्ट चालते का’ हेही लोक दर वेळी विचारतात. चालते, ओली असेपर्यंत, कारण तीही हवा हुसकावते. मग पाणी उडून जातं आणि राहतो तो खडू.

लिक्विड मेटल तुम्ही विचारलेलं नाही, पण महागडी पेस्ट चालली नाही की माणूस पुढे तिकडेच वळतो, म्हणून आधीच सांगतो. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो, नेहमीच्या तापमानाला द्रव, आणि वाहकतेत पेस्टच्या कैक पट पुढे. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तो कारखान्यातूनच घातलेला आहे. पण तो वीज वाहतो, म्हणजे एक थेंब बाजूच्या सुट्या भागांवर गेला की शॉर्ट. शिवाय गॅलियम ॲल्युमिनिअममध्ये शिरून त्याचा भुगा करतो. ज्या कूलरचा तळ ॲल्युमिनिअमचा आहे त्याला हे लावणं म्हणजे कूलर मारणं. निकेलचा मुलामा दिलेलं तांबं चालतं. झाकण असलेल्या साध्या प्रोसेसरवर त्यातून मिळणारे दोन-चार अंश या सगळ्या जोखमीच्या लायकीचे नाहीत असं माझं मत.

लॅपटॉपमध्ये गणित बदलतं, कारण तिथे झाकण नसतं, उघडी चिप थेट हीटसिंकला भिडते. वर ज्या ३० बाय ३० वर हिशेब केला त्याच्या जागी १५० चौरस मिलिमीटर धरा, ४५ वॅट, तोच ५० मायक्रॉनचा थर: ५ च्या पेस्टने ३ अंश, २ च्या स्वस्त पेस्टने साडेसात. इथे पेस्टची प्रत खरोखर जाणवते. आणि तापणं-निवणं वारंवार होत असल्याने पातळ पेस्ट हळूहळू चिपवरून कडेला सरकते. म्हणून लॅपटॉपला मी घट्ट पेस्ट किंवा हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी लावतो. ती थंड असताना पातळ रबरासारखी असते आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटींत शिरते, त्यामुळे लावल्या लावल्या मोजमाप घेऊन निराश होऊ नये, दोन-चार वेळा तापू द्यावी. लॅपटॉप उघडताना बॅटरीची वायर आधी काढायची, हीटसिंकच्या स्क्रूंवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने आवळायचे, आणि मेमरी चिपवरच्या मऊ पॅडच्या जागी पेस्ट लावायची नाही. ते पॅड अर्धा ते दोन मिलिमीटरची फट भरायला असतात, पेस्ट ती फट भरूच शकत नाही. ‘सर्व्हिस केल्यापासून जास्तच बंद पडतोय’ अशी तक्रार घेऊन आलेल्या एका लॅपटॉपमध्ये मला हेच दिसलं होतं: पॅड गायब, त्याजागी पेस्टचे ढीग, आणि ढिगांचा वरचा भाग हीटसिंकला शिवलेलाही नाही.

पेस्ट किती वर्षांनी बदलायची याचं कॅलेंडर मी पाळत नाही. नवं मशीन जोडलं की प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा सिनेबेंच हा चाचणीचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून, खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान यांतला फरक कॅबिनेटच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवतो. धूळ साफ करूनही तो फरक दहा अंशांनी वाढला तर पेस्ट. नाहीतर पाच-सात वर्षंही हात लावत नाही. आणि आकडा बघताना प्रोसेसर कोणता हे बघा. एएमडीची २०२२ ची रायझन ७००० मालिका पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे राहील अशीच बनवलेली आहे, तिथे ९५ बघून घाबरायचं कारण नाही. तुमच्या १२४०० ला मात्र चांगल्या टॉवर कूलरखाली साठ-सत्तरच्या घरात राहायला काहीच अडचण नसावी.

तेव्हा क्रम असा ठेवा. मशीन गरम करा, कूलर फिरवून काढा, ठशाचा फोटो घ्या. खुंट्यांवर किंवा किटच्या पिशवीवर कुठल्या सॉकेटचा आकडा आहे ते वाचा, आणि कूलर बोर्डावरच्या ७५ च्या भोकांत बसवला होता की ७८ च्या, ते पट्टीने मोजा. बरोबर किट मिळेपर्यंत त्या मशीनवर रेंडरिंग करू नका. प्रोसेसर जळणार नाही, १०० अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो, पण काम रखडत चालेल. किट आल्यावर पेस्ट तुमच्याकडे आहे तीच वापरा. आवळताना शेवटच्या दोन-तीन वेटोळ्यांना हाताला स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे. आवळून झाल्यावर कूलर धरून हलवा, आणि यावेळी हलला तर मशीन सुरू न करता तिथेच थांबून मागची बॅकप्लेट बघा.